पडताळणी बाकी

माझ्या संगणकाच्या पडद्यावर, अगदी वरच्या कडेला, सात आठवडे एक पिवळी पट्टी होती. तिच्यावर लिहिलेलं असायचं, "तुमच्या डोमेनची पडताळणी बाकी आहे." खाली दोन बटणं होती, एक "आता करा" आणि दुसरं "नंतर आठवण करा". दर सोमवारी सकाळी, चहाचा पहिला घोट घ्यायच्या आधी, मी दुसरं बटण दाबायचे. चौथ्या आठवड्यात मला त्या पिवळ्या रंगाचाच राग यायला लागला. मग दुकानातलंच एक स्टिकर घेऊन मी ते पडद्याच्या त्या पट्टीवर चिकटवलं. स्टिकरवर छापलेलं होतं, "गॅस गीझर वापरताना खिडकी उघडी ठेवा."

हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं ऐकताना लोक मला बिचारी म्हणतात. बिचारी वगैरे काही नाही. पट्टी मला दिसत होती आणि मी ती झाकली.

आमचं दुकान गीझरचं. गॅसवर चालणारे, बाथरूमच्या भिंतीला टांगायचे. विकायचे, लावून द्यायचे, बिघडले की दुरुस्त करायचे. दुकान वडिलांनी सुरू केलं, आणि त्यांचा एक नियम होता. नवीन मॉडेल आलं की त्यातला पहिला नग घरात लावायचा. महिनाभर आपण त्या पाण्याने अंघोळी करायच्या, मगच गिऱ्हाइकाच्या भिंतीला हात लावायचा. आईने या नियमापायी कढत पाण्याचे चटके आणि गार पाण्याचे फवारे दोन्ही सोसले. "माझ्या अंगावर तुमचे प्रयोग," असं म्हणायची आणि पुढचा खोका आला की स्वतःच विचारायची, कधी लावताय म्हणून. दुकानात या नियमाला आम्ही "आधी घरात" म्हणतो. वडिलांच्या वेळेपासून आमच्याकडे असलेले फिटरकाका अजूनही नवा खोका फोडायच्या आधी विचारतात, "ताई, आधी घरात ना?"

वडील गेल्यावर दुकान दादाकडे आणि माझ्याकडे आलं. दादा माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा. त्याला संगणकाचं वेड. दुकानाची वेबसाइट त्याने केली, दुकानाच्या नावाचं डोमेन, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, त्याने घेतलं, आमच्या सगळ्यांचे मेलचे पत्ते त्यानेच काढून दिले. मधे कोणीतरी आमच्या नावाने गिऱ्हाइकांना खोटे मेल पाठवले होते, तेव्हा तो तीन दिवस त्या यंत्रापुढून हलला नव्हता. "आता आपल्या नावाने कोणा ऐऱ्यागैऱ्याला मेल टाकता येणार नाही," असं त्याने जाहीर केलं. मी म्हटलं, बरं.

मग तो माझ्यामागे लागला, की तक्रारींची वही बंद करूया. सगळ्या तक्रारी एका ठिकाणी येतील, प्रत्येकीला नंबर पडेल, उत्तर कोणी दिलं ते दिसेल, अशी एक ऑनलाइन सेवा घेऊया. चार वेळा त्याने ते मला समजावून सांगितलं. पाचव्या वेळी दुकानात गर्दी होती, माझं डोकं फिरलेलं होतं, आणि मी सगळ्यांदेखत म्हटलं, "दादा, तुझ्या खेळण्यांनी कुणाचं पाणी तापत नाही." त्याने काउंटरवर किल्ल्या ठेवल्या आणि तो निघून गेला. नंतर त्याने एका शाळेत संगणक शिकवायची नोकरी धरली. दोन वर्षं झाली. मी फोन केला नाही, त्याने केला नाही. वहिनी आणि मी अधूनमधून बोलायचो, पण तिनेही त्या विषयावर तोंडाला कुलूप घातलं होतं.

आणि आता गंमत बघा. वहीतल्या तक्रारी हरवायला लागल्या, तेव्हा मी गुपचूप तीच सेवा घेतली, जी दादा घ्या म्हणत होता. ती सुरू करताना एका पानावर सूचना होती. आमची सेवा तुमच्या नावाने मेल पाठवणार असेल, तर तुमच्या डोमेनच्या नोंदींमध्ये या तीन ओळी टाका. मी त्यांच्या माणसाला चॅटवर विचारलं, नाही टाकल्या तर? त्याने छान समजावलं. म्हणाला, जगातल्या प्रत्येक मेलपेटीच्या दारात एक पहारेकरी असतो. तुमच्या नावाने कोणी पत्र घेऊन आलं, की तो तुमची यादी काढून बघतो, याला तुम्ही पाठवलंय का. यादीत आमचं नाव नसेल, तर तो आम्हाला भामटा समजेल.

ती यादी दादाच्या खात्यात होती. पासवर्ड दादाकडे होता. इथेच घोडं पेंड खात होतं. त्या तीन ओळींसाठी मला त्याला फोन करून म्हणावं लागलं असतं, की तुझं बरोबर होतं.

मी दुसरा मार्ग काढला. वडिलांचा नियम, आधी घरात. नव्या सेवेतून दुकानातल्या आम्हा पाच जणांना एक चाचणीचा मेल टाकला. पाचही मेल जंकच्या कप्प्यात जाऊन पडले. शहाण्या माणसाने इथे थांबायला हवं होतं. मी काय केलं, तर टेबलाटेबलाशी जाऊन पाचही संगणकांवर "हे जंक नाही" असं दाबून आले. पुन्हा मेल टाकला. फिटरकाका आपल्या टेबलावरून नळाला पाणी आल्यासारखे ओरडले, "आलं, आलं!" सगळ्यांना आलं. घरात लावून बघितलं, चाललं. मी हात झटकले.

नियमाबद्दल अजून एक गोष्ट सांगायची राहिली. आठ महिन्यांपूर्वी गीझरचं एक नवं मॉडेल आलं होतं. माझी जागा भाड्याची, मालक भिंतीला खिळा मारू देत नाही. मग पहिला नग लावायचा कुठे? मी तो फिटरकाकांबरोबर दादाच्या घरी पाठवला. काकांनी विचारलं, "निरोप काय देऊ?"

"निरोप कसला? नियम आहे," मी म्हटलं.

दोन तासांनी ते परत आले. "लावून घेतला. चहा दिला. बोलले काही नाहीत."

मला त्या दिवशी इतकं बरं वाटलं, की संध्याकाळी मी उगाचच मिठाईच्या दुकानासमोर दहा मिनिटं उभी होते.

* * *

गुरुवारी दुपारी कंपनीचं पत्र आलं. त्या मॉडेलच्या पहिल्या खेपेतल्या गीझरांमध्ये दोष निघाला होता. खोलीतली हवा खराब झाली की गॅस आपोआप बंद करणारा एक लहानसा भाग असतो, तो या खेपेत अडकून बसत होता. म्हणजे बाथरूम बंद असलं, तर गीझर जळत राहणार, विषारी वायू साठत राहणार, आणि त्या वायूला ना रंग ना वास. आत अंघोळ करणाऱ्याला जरा डोकं जड वाटतं, जरा झोप आल्यासारखं होतं, आणि मग काहीच वाटत नाही. नवीन भाग यायला दहा दिवस लागणार होते. तोवर गीझर अजिबात पेटवू नका, असं गिऱ्हाइकांना ताबडतोब कळवा, असं पत्रात होतं.

त्या खेपेतले अडतीस नग आम्ही लावले होते. मी लगेच मेल लिहिला, मोठ्या अक्षरांत, कोणालाही कळेल असा. नव्या सेवेतून अडतीस जणांना पाठवला. समोर अडतीस हिरव्या खुणा उमटल्या. "पाठवले."

फिटरकाका मागे उभे होते. "ताई, सगळ्यांना फोनपण करू का?"

"कशाला? मेल गेलाय. फोन केला तर उद्या म्हणतील आम्हाला सांगितलंच नाही. याची नोंद राहते."

"नाही, म्हटलं..."

"काका, अडतीस फोन करायचे तर आजचे सर्व्हिसचे कॉल कोण करणार?"

ते हत्यारांची पिशवी उचलून कॉलवर निघाले. माझं बोलणं त्यांच्या लेखी काळ्या दगडावरची रेघ. वडिलांचंही तसंच होतं, फक्त वडील आधी ऐकून घ्यायचे.

शुक्रवारी एकही उत्तर आलं नाही. शनिवारीही नाही. मला त्याचं विशेष वाटलं नाही. आमची गिऱ्हाइकं आळशी, वाचतात आणि सोडून देतात. यादीत पहिलं नाव दादाचं होतं. त्याचंही उत्तर नाही. त्याचा मात्र मला राग आला. म्हटलं, एवढं जिवावरचं कळवलं, तर "बरं" म्हणायलाही याची बोटं झिजतात.

* * *

रविवारी दुकान अर्धा दिवस असतं. थंडी अशी होती, की शटर उघडताना लोखंड हाताला डसत होतं. सव्वाआठला एक निवृत्त शिक्षिका आत आल्या. सहा महिन्यांपूर्वी आमच्याकडूनच त्यांनी गीझर घेतला होता. त्यांचा एक हात कपाळावर होता.

"जरा माणूस पाठवता का? गीझर चालतोय, पण अंघोळ केली की माझं डोकं भणभणतं. दोन दिवस झाले. आज तर भिंत धरून बाहेर आले."

माझ्या हातातला पेन थांबला. "बाई, तुम्ही अजून गीझर वापरताय? आम्ही मेल टाकलाय गुरुवारी."

"मला नाही आला."

"आलाय. बघा तरी."

त्यांनी पर्समधून फोन काढला, चष्मा लावला, आणि फोन माझ्यापुढे धरला. बँकेचा मेल होता, वाचनालयाचा होता, नातवाचे फोटो होते. आमचा नव्हता. मी त्यांच्या हातातून फोन जवळजवळ हिसकावून घेतला आणि जंकचा कप्पा उघडला.

तिथे होता. माझा मेल, मोठ्या अक्षरांतला. आणि त्याच्या डोक्यावर एक लाल पट्टी होती. "सावधान. हा संदेश ज्यांच्या नावाने आला आहे, त्यांनीच पाठवल्याची खात्री होत नाही. यातल्या सूचना पाळू नका."

मी ते दोनदा वाचलं. माझ्या इशाऱ्यावर कोणीतरी इशारा लिहिला होता, की या बाईवर विश्वास ठेवू नका. अडतीस हिरव्या खुणा म्हणजे आमच्या दारातून पत्र निघाल्याच्या खुणा होत्या. ते कोणाच्या घरात शिरल्याची एकही नव्हती. गुरुवार, शुक्रवार, शनिवार. तीन दिवसांच्या अंघोळी. आणि आज रविवार, थंडीतला. लोक उशिरा उठणार, दारंखिडक्या लावून घेणार, आणि निवांत कढत पाणी घेत बसणार. आत्ता, या क्षणाला.

बाईंना मी खुर्चीत बसवलं, दुकानाचं दार सताड उघडलं आणि शेजारच्या औषधवाल्याला हाक मारून सांगितलं, यांना डॉक्टरकडे न्या. मग यादी छापली आणि फाडून दोन तुकडे केले.

"काका, वरचे एकोणीस तुम्ही. खालचे मी. एकच सांगायचं. गीझर बंद, खिडकी उघडी, आत कोणी असेल तर आधी बाहेर काढा."

आता हे लक्षात घ्या. यादीत पहिलं नाव दादाचं होतं, आणि वरचा तुकडा मी काकांना दिला. डोळ्यांसमोर माणसं मरत असल्यासारखी धावपळ चालली होती, तरी माझ्या बोटांना तेवढं भान होतं.

पहिल्या बाईंनी फोन उचलला. "अगं बाई, हो का? आत्ता बंद करते." दुसऱ्याने उचलला. तिसऱ्याला मी दोन वाक्यं बोलले, तेवढ्यात तो हसला.

"मॅडम, मी नाही फसणार. आता ओटीपी विचाराल."

"ओटीपी नको हो, खिडकी उघडा!"

"सगळे असंच म्हणतात." त्याने फोन ठेवला.

मी पुन्हा लावला. त्याने कापला. पुन्हा लावला. चौथ्या वेळी उचलून तो शिव्या द्यायच्या बेतात होता, तेवढ्यात मी ओरडले, "तुमचा गीझर निळ्या झाकणाचा आहे, फिटरच्या हातून बाथरूमच्या आरशाचा कोपरा फुटला होता आणि आम्ही तो बदलून दिला. कोणत्या चोराला हे माहीत असेल?" मग त्याने फोन कानाशी धरूनच बायकोला हाक मारली. तिने ओ दिली, तेव्हा मी पुढचा नंबर लावला.

आठ फोन झाले, नऊ झाले. काकांचा आवाज पलीकडून सारखा येत होता, मग तो थांबला.

"ताई, दादा उचलत नाहीत."

"पुन्हा लावा."

"पाच वेळा लावला. दुकानाचा नंबर आहे ना, नाही उचलायचे ते." काका एक पाय दुसऱ्यावर घासत उभे होते. काही सांगायचं असलं की ते तसंच उभे राहतात. "ताई, गेल्या महिन्यात मी तिकडून जात होतो, तर सहज वर गेलो. दादांनी बाथरूमच्या खिडकीला प्लॅस्टिक लावून घेतलंय. पोरीला थंडी बाधते म्हणून. मी म्हटलं काढा. म्हणाले, अरे, त्यात ते आपोआप बंद होतं ना."

घड्याळात नऊला दहा कमी होते. दादाची रविवारची अंघोळ लहानपणापासून पावणेनऊला सुरू होते आणि अर्धा-एक तास चालते. गाणी म्हणत. आईने बाथरूमबाहेर त्याच्या वेळेची पाटी लावायचीच काय ती बाकी ठेवली होती.

मी माझ्या फोनवरून लावला. वाजत राहिला. वहिनीला लावला. ती माहेरी गेली होती, फोन बंद. मी उरलेले नंबर काकांच्या हातात कोंबले आणि स्कूटर काढली.

त्याच्या घराकडे जायला दहा मिनिटं लागतात. त्या दहा मिनिटांतलं मला फक्त इतकंच आठवतं, की एका सिग्नलला मी मोठ्याने म्हणत होते, "तुझं बरोबर होतं, तुझं बरोबर होतं," आणि शेजारचा रिक्षावाला माझ्याकडे बघत होता.

तिसरा मजला. मी बेलवरचं बोट काढलंच नाही. दार भिंगरीने उघडलं. भिंगरी म्हणजे दादाची मुलगी, नऊ वर्षांची, पायाला चाकं असल्यासारखी, म्हणून भिंगरी. केस ओले, गळ्यात टॉवेल. ती आधी अंघोळ करून आली होती, म्हणजे गीझर तेव्हापासून जळत होता.

"आत्या!" तिचा चेहरा फुलला. "तू आलीस?"

"बाबा कुठेय?"

"अंघोळीला. मी हाक मारली, पण आज ते गाणंच म्हणत नाहीयेत."

पोरीला दंडाला धरून मी जिन्यात काढलं. "समोरच्यांकडे जा. त्यांना बोलाव. ॲम्ब्युलन्सला फोन करायला सांग. जा, पळ!" आधी गॅस. सिलेंडर मागच्या गॅलरीत होता, रेग्युलेटर बंद केला. मग गॅलरीचं दार, हॉलच्या खिडक्या, सगळं उघडं टाकलं. हे वडिलांनी शिकवलेलं, की आधी गॅस, मग हवा, मग माणूस, नाहीतर दोघंही जातील. ते चाळीस सेकंदांचं काम असेल. त्या चाळीस सेकंदांत मी दादाकडे पाठ करून काम करत होते आणि पलीकडे पाणी पडल्याचा आवाज येत होता. फक्त पाणी.

"दादा! दार उघड!"

पाणीच.

मी खांदा मारला. दार हललं नाही. पुन्हा मारला. मग समोरचे गृहस्थ बनियनवरच धावत आले आणि आम्ही दोघांनी मिळून लाथ घातली. आतली कडी बारकी होती, स्क्रूसकट उपटून आली.

दादा स्टुलावरून घसरून भिंतीला टेकला होता. तोंड उघडं, गाल लहान मुलाला ताप चढावा तसे लाल. अंगावर पाणी पडत होतं, गॅस बंद केल्यामुळे आता गार झालेलं. मी टॉवेल ओढला, त्याच्या बगलेत हात घातले आणि आम्ही त्याला फरशीवरून ओढत गॅलरीत आणलं. तो इतका जड कधीपासून झाला होता? त्याच्या कानशिलांवर केस पांढरे झालेले मला तेव्हा दिसले. दोन वर्षांत झालेले, माझ्या नकळत.

"दादा, श्वास घे. घे ना रे."

मी त्याच्या गालावर मारत होते, नुसती रडत नव्हते, त्याला शिव्या घालत होते. समोरचे गृहस्थ त्याच्या छातीला कान लावून म्हणाले, "चाललंय, चाललंय." किती वेळ गेला कोण जाणे. मग त्याच्या घशातून एक घरघर आली, त्याने मान वळवली आणि माझ्या कुर्त्यावर ओकला. आयुष्यात इतका आनंद मला कशाचा झाला नाही.

* * *

हॉस्पिटलमध्ये त्याच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. डॉक्टर म्हणाले, अजून पाच मिनिटं उशीर झाला असता तर मी तुमच्याशी वेगळं बोललो असतो. भिंगरीचीही तपासणी झाली, ती ठीक होती. केस ओले घेऊन ती खुर्चीत पाय हलवत बसली होती. अंघोळीचा नंबर बाबांच्या आधी तिचा लागला म्हणून, उलटा लागला असता तर आत ती सापडली असती. ते मनात आलं आणि मी तिच्या गळ्यातल्या टॉवेलने तिचे केस पुसायला लागले.

साडेअकराला फिटरकाकांचा फोन आला. आवाज पार बसलेला. "झाले सगळे. शेवटचं घर बंद होतं, मी दारातच बसून राहिलो. फिरायला गेले होते. आले, त्यांना सांगितलं. दोघींना चक्कर आली होती काल, पण बऱ्या आहेत. त्या शिक्षिकाबाईही बऱ्या आहेत." मग जरा थांबून, "दादा?"

"आहे," मी म्हटलं.

दादाचे डोळे उघडे होते. मी खुर्ची कॉटजवळ ओढली. स्कूटरवर शंभरदा म्हटलेलं वाक्य आता जिभेवर येईना. मग सगळंच एकदम आलं. ती सेवा, ती पिवळी पट्टी, स्टिकर, टेबलाटेबलाशी जाऊन दाबलेली बटणं. "तुझ्या पासवर्डसाठी फोन करावा लागला असता," मी म्हटलं, "म्हणून नाही केलं. सात आठवडे. तुझ्याआधी भिंगरी आत होती, दादा."

त्याने मास्क खाली ओढला.

"मला माहीत होतं," तो म्हणाला.

"काय?"

"त्या डोमेनचा अहवाल येतो मला. दर सोमवारी." प्रत्येक शब्दाला तो श्वास घेत होता. "कोणीतरी आपल्या नावाने मेल पाठवतंय, परवानगी नाही, मेल जंकमध्ये जातायत. सात अहवाल आले. कोणती सेवा तेही लिहिलेलं असतं. मी ओळखलं, तू घेतलीस ती."

"मग टाकायच्यास ना त्या ओळी!"

"टाकणार होतो. दर वेळी म्हटलं, ती फोन करेल. तिने करावा." तो छताकडे बघत होता. "थोडी मजाही वाटायची."

सोमवारी सकाळी मी इकडे "नंतर आठवण करा" दाबत होते आणि तिकडे तो अहवाल वाचून फोनची वाट बघत होता. आमच्या दोघांच्या मधे अडतीस घरं अंघोळ करत होती. एक त्याचंच.

नर्स आली, त्याला रागावली, मास्क पुन्हा चढवून गेली. दादाने माझ्यापुढे हात केला. मला वाटलं, हात धरायचाय. त्याला माझा फोन हवा होता. अंगठ्याने त्याने कुठेतरी पासवर्ड घातला, मला विचारून त्या तीन ओळी एकेक करून टाकल्या, एक चुकली ती खोडून पुन्हा टाकली. आम्ही दोघंही पडद्याकडे बघत बसलो. वीस मिनिटांनी पट्टी हिरवी झाली. "पडताळणी पूर्ण."

त्याने बोटाने खूण केली, पाठव.

मी तोच मेल पुन्हा पाठवला, अडतीस जणांना. माझ्या पर्समध्ये त्याचा फोन वाजला, ॲम्ब्युलन्समध्ये चढताना मी तो बरोबर घेतला होता. मी काढून बघितलं. समोरच होता, पहिल्या ओळीत, डोक्यावर लाल काही नाही. "गीझर पेटवू नका." मी फोन त्याच्या हातात दिला. त्याने वाचलं आणि मान हलवली.

हिरवी खूण होती. मेल पोचला होता, मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितला होता. तरी मला राहवेना. मी यादीतला पहिला नंबर काढला आणि दोन हातांच्या अंतरावर पडलेल्या माझ्या भावाला फोन लावला.

त्याच्या हातात तो वाजला. त्याने पडद्यावर दुकानाचं नाव नाही, माझं नाव बघितलं, मास्क जरासा बाजूला केला, आणि उचलला.